पत्त्यांचे संग्रहालय : केपटाऊनचे डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम

केपटाऊनला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या यादीत टेबल माउंटन, रॉबेन बेट आणि केप ऑफ गुड होप ही तीन नावे ठरलेली असतात. सहल आखणाऱ्यांनी डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियमला त्यात जागा दिलीच, तर ती बहुधा दोन मोठ्या ठिकाणांच्या मधला अर्धा तास भरून काढण्यापुरती असते. हे संग्रहालय आकाराने लहान आहे आणि नुसत्या नजरेने फिरून यायचे तर अर्ध्या तासात फिरून होतेही. परंतु येथे मांडलेली बहुतेक सामग्री वाचायची आणि ऐकायची असल्यामुळे तसे पाहणे आणि न पाहणे यांत फारसे अंतर उरत नाही. दोन तास हाताशी असतील तरच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी आधी त्या वस्तीविषयी थोडे लिहिणे भाग आहे.

डिस्ट्रिक्ट सिक्स म्हणजे केपटाऊन नगरपालिकेचा सहावा विभाग. १८६७ साली ही विभागणी झाली तेव्हा बंदर आणि डोंगर यांच्या मधल्या उतारावर मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, कारागीर, गोदीतले मजूर, छोटे व्यापारी आणि जहाजाने येऊन थडकलेले नाना देशांचे लोक दाटीवाटीने राहत होते. पुढे लिथुआनियाकडून आलेले ज्यू आले, भारतीय आले, खोसा भाषक आफ्रिकी आले. वस्ती गरीब होती, घरे बहुतांशी भाड्याची होती आणि दुरुस्तीच्या बाबतीत घरमालक उदासीन होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी, कोणत्या वंशाच्या लोकांनी शहरात कुठे राहायचे हे ठरवणाऱ्या गट क्षेत्र कायद्याचा आधार घेऊन, सामुदायिक विकास खात्याचे तेव्हाचे मंत्री पी. डब्ल्यू. बोथा यांनी हा भाग केवळ गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर केले. झोपडपट्टीचे निर्मूलन, गुन्हेगारीला आळा आणि वेगवेगळ्या वंशांच्या लोकांनी एकत्र राहिल्याने होणारे संघर्ष टाळणे, अशी कारणे पुढे करण्यात आली. १९६८ पासून माणसे हलवायला सुरुवात झाली आणि १९८२ पर्यंत साठ हजारांहून अधिक रहिवाशांना सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत दूर, केप फ्लॅट्स नावाच्या वाळवंटी सपाट प्रदेशात नेऊन सोडण्यात आले. घरे बुलडोझरने भुईसपाट झाली. चर्च आणि मशिदी तेवढ्या वगळल्या गेल्या, त्यामुळे उजाड उतारावर केवळ प्रार्थनास्थळे उभी, असे दृश्य पुढे अनेक वर्षे दिसत राहिले.

संग्रहालय बाइटनकांट रस्त्यावर, एका जुन्या मेथडिस्ट चर्चच्या इमारतीत आहे. ही वास्तू आधी मद्याचे गोदाम होती आणि १८८३ पासून तिचे चर्च झाले. वर्णभेदाच्या काळात येथील धर्मगुरू आणि मंडळी सरकारविरोधी चळवळीला आसरा देत असत. समोरच कॅलेडन स्क्वेअरचे पोलीस ठाणे आहे, जेथपर्यंत ३० मार्च १९६० रोजी लांगा वसाहतीतून फिलिप क्गोसाना यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक, आफ्रिकी माणसाला सतत जवळ बाळगावा लागणाऱ्या ‘पास’ या परवान्याविरुद्ध, मोर्चा घेऊन चालत आले होते. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला ठाणे आणि दुसऱ्या बाजूला हे चर्च, अशी ती रचना आहे. चर्चच्या बाहेरील भिंतीवर एक फलक आहे आणि त्वचेच्या रंगामुळे कायद्याने घराबाहेर काढल्या गेलेल्या हजारो लोकांची आठवण लाज बाळगून ठेवा, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतो. आत शिरण्याच्या घाईत बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात. तसे करू नये.

वस्ती पाडून झाल्यावर त्या जमिनीचा लिलाव करण्याचे किंवा तिच्यावर नवी इमारत उठवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा माजी रहिवाशांनी १९८८ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट सिक्सला हात लावू नका’ अशी मोहीम उभारली आणि तिच्यातून १९८९ मध्ये संग्रहालयाचा न्यास स्थापन झाला. प्रत्यक्ष दालन उघडले ते १० डिसेंबर १९९४ रोजी, म्हणजे देशातील पहिल्या सर्ववंशीय निवडणुकीनंतर काही महिन्यांनी. त्या वेळी मांडलेले ‘स्ट्रीट्स’ हे प्रदर्शन केवळ पंधरा दिवसांसाठी होते. माजी रहिवासी येत राहिले, आपापल्या पेट्या उघडून छायाचित्रे आणि कागद देत राहिले, आणि ते प्रदर्शन कधी बंदच झाले नाही. शासनाने आखलेल्या आणि तज्ज्ञांनी भरलेल्या संग्रहालयापेक्षा येथील हवा वेगळी का वाटते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या जन्मकथेत आहे.

आता मुख्य मुद्दा. जुनी भांडी, कपडे, शिवणयंत्रे, दुकानांच्या पाट्या, लग्नाचे फोटो असा ऐवज येथे आहे आणि तो लहान शहरांतल्या कोणत्याही स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात असतो त्यापेक्षा फार निराळा नाही. खरे म्हणजे वस्तूंच्या बाबतीत हे संग्रहालय बेताचेच आहे. त्याचे बळ पत्त्यांत आहे. ज्या कायद्याने वस्ती पुसली त्याने सर्वांत आधी पत्ता पुसला होता, इतका की १९७० मध्ये त्या भागाचे सरकारी नावदेखील बदलून झोनेब्लूम करण्यात आले, आणि डिस्ट्रिक्ट सिक्स हे नाव अधिकृतपणे परत यायला २०१९ साल उजाडले. संग्रहालयातील तीनही प्रमुख मांडण्या हा पुसलेला पत्ता परत लिहून काढण्याच्या खटपटीतून झालेल्या आहेत.

पहिली मांडणी म्हणजे आत शिरताच समोर दिसणारा, छताच्या दिशेने चढत गेलेला रस्त्यांच्या मूळ पाट्यांचा मनोरा. पाडकामावर देखरेख करणाऱ्या एका गोऱ्या मुकादमाला या पाट्या ढिगाऱ्याबरोबर समुद्रात टाकून द्यायला सांगितले होते. त्याने त्या टाकल्या नाहीत, स्वतःच्या घरी वर्षानुवर्षे दडवून ठेवल्या आणि संग्रहालय निघत आहे असे कळल्यावर देऊन टाकल्या. त्याने त्या का ठेवल्या असाव्यात, याविषयी मार्गदर्शक फारसे तर्क लढवीत नाहीत, आणि तेच बरे. पाट्यांवर हॅनोव्हर, टायन, कॅलेडन अशी नावे आहेत. त्यांतील हॅनोव्हर स्ट्रीट हा वस्तीचा मुख्य बाजाररस्ता होता. मासळी, भाजी, शिंपी, न्हावी, स्टार सिनेमा, सगळे त्याच्या आजूबाजूला. हकालपट्टी झालेल्यांसाठी केप फ्लॅट्सवर बांधलेल्या एका वसाहतीला सरकारने हॅनोव्हर पार्क हे नाव दिले आणि दुसरीला लॅव्हेंडर हिल. नाव जुन्या वस्तीतले आणि जागा वाळूत, हा प्रकार लक्षात आल्यावर त्या मनोऱ्याकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते.

दुसरी मांडणी पायाखाली आहे. सभागृहाच्या जमिनीचा बहुतेक भाग डिस्ट्रिक्ट सिक्सच्या हाताने रंगवलेल्या मोठ्या नकाशाने व्यापलेला असून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण आहे. माजी रहिवाशांनी या नकाशावर आपापले घर जिथे होते तिथे स्वतःच्या हाताने कुटुंबाचे नाव लिहिले आहे. ही अक्षरे वाचण्यासाठी अक्षरशः खाली बसावे लागते, आणि बसल्यावरच कळते की येथे एकसारखे काहीच नाही. कोणी शाळेत गिरवलेल्या वळणात घर क्रमांकासह पूर्ण नाव लिहिले आहे, कोणी नुसते आडनाव ठोकून मोकळा झाला आहे, कुठे अक्षर जाड व थरथरते आहे, तर कुठे जागा पुरली नाही म्हणून नाव गल्लीच्या वळणाबरोबर वळवले आहे. काही चौकांत नावांची एवढी गर्दी आहे की एकाच दारामागे किती बिऱ्हाडे राहत असतील, याचा हिशेब आपोआप डोक्यात सुरू होतो. नगर भूमापनाच्या नकाशात मालकाचे नाव असते. येथे भाडेकरूचे आहे, आणि डिस्ट्रिक्ट सिक्सच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही, कारण राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक भाडेकरूच होते.

या फरकाला कायद्याचीही किंमत होती. १९९४ च्या जमीन हक्क पुनःस्थापना कायद्याने १९ जून १९१३ नंतर वांशिक कायद्यांमुळे बेदखल झालेल्यांना दावा करण्याची मुभा दिली आणि त्यात मालकांबरोबर भाडेकरूंनाही जागा ठेवली. दाव्यांची मूळ मुदत ३१ डिसेंबर १९९८ ही होती. जी घरे जमिनीवर नाहीत, जे रस्ते नव्या आराखड्यात नाहीत, त्यांत आपण राहत होतो हे सिद्ध करायचे तर आधी ते घर नेमके कुठे होते हे सांगता यायला हवे. म्हणून संग्रहालयाने जमवलेले फोटो, भाडेपावत्या आणि तोंडी आठवणी यांना दप्तराचे मोल आले. १९९७ साली जमीन दावा न्यायालयाची बैठक याच सभागृहात, याच नकाशाच्या साक्षीने झाली होती. पर्यटकाच्या दृष्टीने जी कलाकृती आहे, ती काही लोकांच्या दृष्टीने पुराव्याचा कागद होती, हे ध्यानात घेतले नाही तर नकाशा नुसता सुंदर दिसून राहतो. या दाव्यांची पुढची कहाणी मात्र रखडलेली आहे. ११ फेब्रुवारी २००४ रोजी नेल्सन मंडेला यांच्या हस्ते परतणाऱ्या पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांना घराच्या किल्ल्या देण्यात आल्या. त्यानंतर घरे इतक्या संथपणे उभी राहिली की दावेदारांना सरकारविरुद्ध पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली.

तिसरी मांडणी म्हणजे नावांचे कापड. माजी रहिवासी आणि भेटीला आलेले लोक लांब पांढऱ्या कापडावर नावे, पत्ते आणि दोन-चार ओळींचा मजकूर लिहीत गेले. शाई उडून जाईल म्हणून नंतर त्या ओळींवर रंगीत दोऱ्याने भरतकाम करण्यात आले. कापड वाढत वाढत एक किलोमीटरच्या पुढे गेले आहे, त्यामुळे एका वेळी त्याचा थोडाच भाग टांगलेला दिसतो. जवळ जाऊन पाहिले तर मूळ लिहिणाऱ्याचे वळण भरणारीने जसेच्या तसे राखलेले दिसते. वेलांटी जिथे घसरली तिथे टाकाही घसरला आहे. सुईकाम जाणणाऱ्यांनी येथे जरा जास्त वेळ थांबावे.

या तिन्हींच्या तुलनेत वरच्या सज्जातील फलक मला कमी परिणामकारक वाटले. माहिती भरपूर आहे, मजकूर इंग्रजीत व काही ठिकाणी आफ्रिकान्समध्ये आहे, ओळी दाट आहेत आणि उभे राहून एवढे वाचण्याची सवय नसलेल्याला तो पसारा वाटू शकतो. संगीत, क्रीडा, शाळा, राजकारण असे विषय पडद्यांवर आणि फलकांवर येतात. अब्दुल्ला अब्दुरहमान आणि त्यांची कन्या सिसी गूल यांसारख्या पुढाऱ्यांची थोडी पूर्वओळख असेल तर हा भाग बोलका होतो, नसेल तर नावे नुसती ओघळून जातात. सज्जातून खाली पाहिल्यावर मात्र संपूर्ण नकाशा एका नजरेत येतो आणि हॅनोव्हर स्ट्रीटची रेघ कुठून कुठे जाते हे प्रथमच नीट समजते; तेवढ्यासाठी तरी जिना चढावा.

पुनर्रचना करून मांडलेल्या खोल्यांपैकी नोमवुयो यांची खोली चुकवू नये. क्रॉस स्ट्रीटवरील एका खोसा भाषक कुटुंबाची ही एकच खोली. तिच्यातच झोपणे, जेवणे, पाहुणे आणि मुलांचा अभ्यास. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला पलंगाखालच्या पेट्या आणि दिवसा एक, रात्री दुसरेच काम करणारी जागा समजावून सांगावी लागणार नाही. या खोलीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. डिस्ट्रिक्ट सिक्सची लोकप्रिय आठवण बहुधा मिश्रवंशीय, म्हणजे तेथील सरकारी भाषेत ‘कलर्ड’, समाजाभोवती फिरते आणि आफ्रिकी रहिवासी तिच्यातून गळतात. वास्तविक या वस्तीतली पहिली मोठी हकालपट्टी १९०१ सालची. ब्युबॉनिक प्लेगची साथ आली आणि साथीचे निमित्त करून आफ्रिकी रहिवाशांना शहराबाहेर उइटफ्लुख्त येथे, पुढे ज्याला न्डाबेनी म्हणू लागले त्या छावणीत, हलवण्यात आले. त्याच प्लेगच्या काळात मुंबई आणि पुण्यात काय चालले होते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. संग्रहालयाने २००० साली ‘डिगिंग डीपर’ या नावाने मांडणीची जी फेररचना केली तिच्यात अशा मागे पडलेल्या धाग्यांना जागा देण्याचा प्रयत्न दिसतो. तरीही सभागृहातील एकूण सूर सलोख्याच्या, एकमेकांच्या सणांना ताटे पोहोचवणाऱ्या वस्तीकडे झुकलेला आहे. टोळ्या, दारिद्र्य, घरमालकांची पिळवणूक यांचा उल्लेख असला तरी तो दबक्या आवाजात. ज्यांच्याकडून सर्व काही हिसकावून घेतले त्यांनी गेलेल्या दिवसांना थोडे उजळ रंगवले तर त्यांना दोष देण्याचे कारण नाही, परंतु पाहणाऱ्याने ते रंगवणे ओळखून पाहावे.

मराठी वाचकासाठी येथे एक खराखुरा दुवाही आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे फार कमी आहे. केपटाऊनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय मुसलमानांत कोकणातून, जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील गावांतून, गेलेल्या कोकणी मुसलमानांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे गेलेल्या या मंडळींनी डिस्ट्रिक्ट सिक्स, वुडस्टॉक, सॉल्ट रिव्हर या भागांत छोटी दुकाने थाटली. गट क्षेत्र कायद्याने ‘भारतीय’ म्हणून वर्गीकरण झालेल्यांसाठी रायलंड्ससारखे विभाग नेमून दिले, तेव्हा दुकान एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे आणि शेजारी तिसरीकडे, अशी त्यांची वाताहत झाली. शहरातील काही घरांत जुनी पिढी अजून कोकणी बोलते. जमिनीवरच्या नकाशातील आडनावे वाचताना ही पार्श्वभूमी मनात असावी, आणि मार्गदर्शकाला भारतीय दुकानदारांविषयी मुद्दाम विचारावे; विचारल्यावर मिळणारी माहिती फलकांवर मिळणाऱ्या माहितीपेक्षा बरीच सघन असते.

येथे सेवेचा प्रश्न येतो. प्रवेशाचे तिकीट साधे आणि मार्गदर्शकासह असे दोन प्रकारचे असते. दुसरे थोडे महाग पडते, परंतु माजी रहिवासी स्वतः हिंडवून दाखवणार असेल तर त्या फरकाचा विचारही करू नये. ही माणसे पाठ केलेले भाषण करीत नाहीत असे मी म्हणणार नाही; वर्षानुवर्षे रोज तेच सांगताना काही वाक्ये घोटली जाणारच. एका रहिवाशाच्या शर्यतीच्या कबुतरांची गोष्ट तर आता जगभर पोहोचली आहे: नव्या घरी नेऊन काही महिने बंद ठेवलेली कबुतरे सोडल्यावर नव्या खुराड्यात परतली नाहीत, ती सापडली जुन्या, पाडून टाकलेल्या घराच्या जागी. गोष्ट कितीही वेळा ऐकली असली तरी सांगणारा नकाशावर पाय ठेवून ती जागा दाखवतो तेव्हा ती पुन्हा त्या पत्त्याची होते. अडचण वेगळीच आहे. १९६६ साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत, आणि प्रत्यक्ष आठवणीवर उभे असलेले हे संग्रहालय ती पिढी सरल्यावर कशाच्या जोरावर बोलेल, हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडलेला आहे. ध्वनिमुद्रणांचा साठा, शाळांसाठीचे कार्यक्रम आणि त्याच रस्त्यावर काही पावलांवर असलेले होमकमिंग सेंटर ही त्या दिशेची तयारी होय.

काही व्यवहारी सूचना. रविवारी संग्रहालय बंद असते. इतर दिवशीही दुपारनंतर उशिरा जाऊ नये. केपटाऊनच्या मुख्य रेल्वे स्थानकापासून आणि कॅसल ऑफ गुड होप या किल्ल्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्यांना गुलामगिरीच्या काळापासून सलग धागा हवा असेल त्यांनी आधी स्लेव्ह लॉज पाहावे, कारण डच कंपनीने बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांवरून आणलेल्या गुलामांची हकीकत तेथे आहे आणि डिस्ट्रिक्ट सिक्सच्या लोकवस्तीचे एक मूळ तिच्यात आहे. लहान मुलांना नकाशा आवडतो, सज्जा कंटाळवाणा वाटतो. पुस्तकांचा कोपरा छोटा असला तरी निवड चांगली आहे आणि स्थानिक आठवणींची जी पुस्तके तेथे मिळतात ती भारतात सहजी मिळत नाहीत.

संग्रहालय पाहून झाल्यावर टॅक्सी न मागवता डोंगराच्या दिशेने चढ चढावा. वाटेत पाडलेल्या वस्तीच्या मोठ्या तुकड्यावर उभे असलेले तंत्रविद्यापीठाचे आवार लागते, सेंट मार्क्स चर्च आणि म्यूर स्ट्रीटवरची झीनतुल इस्लाम मशीद लागते, आणि अधूनमधून अजूनही गवताने भरलेले मोकळे उतार. गोऱ्यांसाठी म्हणून रिकामी केलेली ही जमीन, देशातून व देशाबाहेरून झालेल्या विरोधामुळे, गोऱ्या खरेदीदारांनीही मोठ्या प्रमाणावर घेतली नाही. दरवर्षी ११ फेब्रुवारीला माजी रहिवासी येथे चालत येतात आणि आणलेले दगड एका ढिगावर ठेवतात. त्या सुमारास केपटाऊनमध्ये असणाऱ्यांनी संग्रहालयात आधी चौकशी करून ठेवावी. एकट्याने चालणे अवघड वाटत असेल तर संग्रहालयातूनच मार्गदर्शकासह पदभ्रमंतीची सोय होऊ शकते, मात्र तीही आगाऊ ठरवावी लागते. आणि वेळ फारच अपुरा असेल, एवढे सगळे जमणारच नसेल, तर सज्जा, फलक आणि पुस्तके सोडून द्यावीत, मार्गदर्शक घ्यावा आणि तासभर खालच्या नकाशावरच काढावा.